'जन्मतः जड व मूढ' : वाटणीपत्रातला एक शब्द

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका घरात १९३६ सालचं मोडीतलं वाटणीपत्र सापडलं. तिघे भाऊ. थोरल्या दोघांना जमीन, आणि धाकट्याच्या नावापुढे 'जन्मतः जड व मूढ असलेमुळे हिस्सा नाही' एवढंच. घरातल्या आज्जीने त्यांना म्हातारपणी पाहिलंय. गाव त्यांना खुळातात्या म्हणायचं. ते सगळ्या वाड्याची गुरं राखायचे आणि तिन्हीसांजेला परतताना एकही जनावर कधी कमी भरलं नाही, असं आज्जी सांगते. आता त्याच घरात एक चुलतभाऊ आहे. वडील त्याला 'मतिमंद' म्हणतात, शाळेतल्या बाई 'बौद्धिक अक्षम', कानडी अर्जावर 'बुद्धिमांद्य' असतं, टीव्हीवर 'दिव्यांग'. विचारणाऱ्या मुलीला कळून घ्यायचंय की तात्यांना लावलेले शब्द म्हणजे शिव्या होत्या का, आणि भावाला आता काय म्हणायचं.

बेळगावात मराठी आणि कानडी घरांतली अशी मुलं शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. माझ्या स्वतःच्या पदविकेवर 'मेंटल रिटार्डेशन' असं ठळक छापलेलं आहे, तेव्हा जुन्या शब्दांपासून मी काही फार लांब उभी नाही.

आधी वाटणीपत्र. 'जड' वाचून आज आपल्याला वजन आठवतं. संस्कृतात तो शब्द गारठलेला, बधिर, हालचाल नसलेला अशा अर्थाने येतो आणि तिथून मन न चालणाऱ्या माणसाकडे वळतो. जडभरताची गोष्ट ऐकली असेल: सगळ्यांनी जड समजून पालखीला जुंपलेला माणूस राजा रहूगणाला ब्रह्मज्ञान सांगतो. 'मूढ' आणि 'मोह' एकाच धातूचे, म्हणजे मूढ हा गोंधळलेला, भुललेला. दोन्ही शब्दांत मुळात शिवी नाही. पण तुमच्या कागदात ते वर्णन म्हणूनही आलेले नाहीत. ते कायद्याचे शब्द आहेत आणि तिथे त्यांना नेमून दिलेलं काम आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीत वारसा न मिळणाऱ्यांची यादी आहे: क्लीब (नपुंसक), पतित, पांगळा, उन्मत्त (वेड लागलेला), जड, आंधळा, असाध्य रोगी. शेवट असा: 'भर्तव्याः स्युर्निरंशकाः'. पोसायचं, पण अंश द्यायचा नाही. मनुस्मृतीतही 'उन्मत्तजडमूकाश्च' अशी ओळ आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरचं मिताक्षरा हे भाष्य विज्ञानेश्वराने लिहिलं ते चालुक्यांच्या कल्याणीत, आजच्या बिदर जिल्ह्यात. पुढे इंग्रजांच्या कोर्टांनी हिंदू वारशासाठी आपल्या भागात हीच मिताक्षरा प्रमाण धरली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं.

मग १९२८ साली एक कायदा आला. त्याने आंधळा, पांगळा, मुका, रोगी अशांवरची वारसाबंदी उठवली. अपवाद एकच ठेवला: जो जन्मापासून 'ल्युनॅटिक' (वेडा) किंवा 'इडियट' आहे तो. आता तुमच्या कागदातला पहिला शब्द परत वाचा. 'जन्मतः'. कारकुनाने तो ओघात लिहिलेला नाही. १९३६ मध्ये भावाला वगळायचं तर नुसतं 'जड' लिहून भागत नव्हतं, जन्मापासूनचा जड असं लिहावं लागत होतं. तुमच्या पणजोबांवर मी आरोप करत नाही. त्या काळी बऱ्याच घरांनी प्रामाणिकपणे असंच मानलं असेल. पण जमीन वाचवणारा शब्द कुणाच्या सोयीचा होता हे विचारायला हरकत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २८ व्या कलमाने रोग, व्यंग किंवा दोष या कारणाने वारसा नाकारणं बंद केलं. तात्यांची वाटणी वीस वर्षं आधी झाली होती.

'इडियट' हा शब्दही असाच कोर्टकचेरीतून आलेला. ग्रीकमध्ये 'इडिओटेस' म्हणजे खाजगी माणूस, गावच्या कारभारात भाग न घेणारा. तिथून अडाणी, मग अक्कल नसलेला. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात जन्मजात इडियटाच्या जमिनीचं उत्पन्न राजाकडे जायचं, आणि मध्येच वेड लागलेल्याची जमीन राजाने नुसती सांभाळायची. पैशाचाच प्रश्न, त्यामुळे इडियट कोण हे ठरवण्याची कसोटीही होती: वीस पेन्स मोजता येत नाहीत, आईबाप कोण सांगता येत नाही, वय सांगता येत नाही. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी कायदेपंडिताने ती लिहून ठेवली आहे. आता आज्जीचे तात्या घ्या. गावची गुरं, प्रत्येकाचं घर वेगळं, आणि एक कमी नाही. त्या इंग्रजी कसोटीवर ते इडियट ठरलेच नसते.

मुळात हे शब्द वकिलांचे. डॉक्टरांनी ते एकोणिसाव्या शतकातच उचलले, विसाव्या शतकात ते मानसशास्त्रज्ञांच्या हातात गेले, आणि तिथे प्रकरण बिघडलं. १९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी मुलांची चाचणी तयार केली. वर्गात मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना जादा मदत देता यावी एवढाच हेतू. १९०८ मध्ये त्यात 'मानसिक वय' आलं, म्हणजे मूल किती वर्षांच्या मुलाइतकी उत्तरं देतं ते. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथल्या संस्थेत हेन्री गॉडर्ड काम करायचे. त्यांनी ही चाचणी उचलली आणि माणसांचे थर लावले. मानसिक वय दोनपर्यंत अडकलं तर इडियट, तीन ते सात इम्बेसाइल, आठ ते बारा मोरॉन. पहिले दोन शब्द जुने. 'मोरॉन' त्यांनी १९१० मध्ये ग्रीकमधून मुद्दाम घडवला. त्या थरातली माणसं चारचौघांत मिसळून जातात, ओळखू येत नाहीत, म्हणून त्यांना वेगळं नाव हवं, असा त्यांचा विचार. म्हणजे आज सिनेमात पोरं एकमेकांना हाणतात ते शब्द एकेकाळी तपासणीच्या तक्त्यातले रकाने होते.

रकाने तक्त्यात राहिले असते तर गोष्ट वेगळी. ब्रिटनच्या १९१३ च्या कायद्यात इडियट, इम्बेसाइल, 'फीबल माइंडेड' आणि 'मॉरल इम्बेसाइल' असे चार वर्ग होते आणि त्यावरून माणसं संस्थांत कोंडता येत होती. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी मान्य केली. न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं की इम्बेसाइलांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. तिसरी पिढी म्हणजे कॅरीची तान्ही मुलगी. ती पुढे शाळेत गेली आणि चांगल्या मार्कांच्या यादीत तिचं नाव आलं. गॉडर्ड यांनी नंतर आपली बरीच मतं मागे घेतली, पण तोवर शब्द गावभर झाला होता.

आता याचा आपल्याशी संबंध. बिनेची चाचणी हिंदुस्थानात रुजवणाऱ्यांत व्ही. व्ही. कामत यांचं नाव मोठं आहे, आणि त्यांनी १९३४ मध्ये जी आवृत्ती मांडली ती कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी होती. आपल्याच मुंबई-कर्नाटकातल्या मुलांसाठी. बिने-कामत चाचणी आम्ही सगळ्यांनी वापरली आहे. तात्यांचा कागद झाला त्याच्या दोनच वर्षं आधी त्यांच्या बोलीत मोजमापाचं साधन तयार होतं. अर्थात खानापूरच्या जंगलपट्टीत ते पोचायला पुढे किती वर्षं लागली असतील ते सोडा. दुसरी मौज अशी की व्हाइनलँडच्याच संस्थेत पुढे एडगर डॉल आले आणि त्यांनी १९३५ मध्ये वेगळाच प्रश्न विचारला: हे मूल स्वतः जेवतं का, बटणं लावतं का, दुकानातून सामान आणतं का, एकटं गावात फिरतं का? व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल ते हेच. नागपूरच्या मालिन यांनी ते भारतीय मुलांसाठी जुळवून घेतलं आणि आज अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मुलाला तपासतात तेव्हा तेच काढतात. 'मोरॉन' ज्या वास्तूत जन्मला तिथलंच हे साधन आपल्या सिव्हिल हॉस्पिटलांत रोज चालतं. गुरं न चुकता घरी आणणाऱ्या माणसाला त्यात बरे गुण पडतील. कागदावरून मी तात्यांचं निदान करणार नाही. कदाचित ते नुसते बहिरे असतील. 'जड' आणि 'मूक' जुन्या श्लोकात शेजारीशेजारी बसलेत ते उगाच नाही. ऐकू न आल्याने बोलायला न शिकलेल्या किती मुलांना आपण खुळं ठरवलंय याची गणती नाही. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा नसलेल्या, मुलांचंही तेच. लाळ गळते, मान डुलते, की ठरवून टाकलं.

आणखी दोन शब्द पटकन. 'क्रेटिन' हा आल्प्सच्या डोंगरातला, मूळ अर्थ 'ख्रिश्चन', म्हणजे हाही आपल्यासारखाच माणूस आहे बाबा. तिथल्या पाण्यामातीत आयोडीन कमी, त्यामुळे थायरॉइड बिघडून मुलं खुंटत. शब्दात माया होती, तरी त्याची शिवी झालीच. 'मंगोल', म्हणजे आज ज्याला डाऊन सिंड्रोम म्हणतात त्या मुलांसाठीचा शब्द, मात्र पहिल्यापासून चुकलेला. डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये चेहऱ्यावरून मुलांना वंशांची नावं वाटली. १९५९ मध्ये फ्रान्सच्या लेजून यांनी एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत दाखवली तेव्हा वंशाचा काही संबंधच नाही हे सिद्ध झालं. १९६१ मध्ये शास्त्रज्ञांनी हा शब्द सोडा म्हणून पत्र लिहिलं, आणि मंगोलियाने तक्रार केल्यावर १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो टाकला. मी नोकरीला लागले तेव्हाही आपल्याकडचे एक वयस्क डॉक्टर केसपेपरवर तो बिनदिक्कत लिहायचे.

हे सगळे शब्द नासले म्हणून 'रिटार्डेड' आला. तो त्या वेळचा सभ्य शब्द. लॅटिन मूळ, अर्थ उशीर झालेला, मंदावलेला. आपला 'मतिमंद' त्याच घडणीचा. मंद या शब्दात काही वाईट नाही, समई मंद असते, पंचांगात शनीलाही मंद म्हणतात कारण तो हळू चालतो. सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था १९८४ मध्ये निघाली ती 'मेंटली हँडिकॅप्ड' नावाने. १९९५ च्या अपंग कायद्यात आणि १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात 'मेंटल रिटार्डेशन'. २०१६ च्या कायद्यात ते 'इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी' झालं, सिकंदराबादच्या संस्थेचंही नाव बदललं. आणि गंमत बघा, पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, मानसिक आरोग्याचा कायदा झाला त्यात परत 'मेंटल रिटार्डेशन' छापलंय. दिल्लीतसुद्धा एका टेबलाचं दुसऱ्याला माहीत नसतं.

पण त्या २०१७ च्या कायद्यात तो शब्द कशासाठी आलाय ते महत्त्वाचं आहे. मानसिक आजाराची व्याख्या करताना 'यात मेंटल रिटार्डेशन येत नाही' असं सांगायला. १९८७ च्या कायद्यातही तसंच. त्याआधी १९१२ च्या इंडियन लुनसी ॲक्टमध्ये उलटं होतं: 'लुनॅटिक' म्हणजे इडियट किंवा भ्रमिष्ट, दोघे एकाच पोत्यात. माझ्या मते जुन्या शब्दांनी सगळ्यात मोठं नुकसान केलं ते इथे. मिताक्षरेला उन्मत्त वेगळा आणि जड वेगळा हे कळत होतं. आपल्या बोलीत दोघेही वेडे. खुळा, येडा, वेडसर, अर्धवट, डोक्यानं कमी, आणि शेजारच्या कानडीतून उचललेला 'हुच्च'. आजार येतो, औषधाने उतरू शकतो. बौद्धिक अक्षमता लहानपणापासून असते, तिला गोळी नाही, शिकवणं आहे. एका शब्दाने दोन्ही बोललं की आईबाप मुलाला शाळेऐवजी झोपेच्या गोळ्यांकडे नेतात, नाहीतर देवऋष्याकडे.

एक प्रसंग सांगते. खानापूरकडचीच एक आई, मुलगा एकोणीस वर्षांचा. चिडला की स्वतःचा हात चावायचा. दाखल्याचा अर्ज कानडीत. तो भरून देणाऱ्याने विचारलं, काय आहे मुलाला? ती म्हणाली, डोक्याचं आहे. त्याने 'मानसिक अस्वस्थ'वर खूण केली. 'बुद्धिमांद्य' ही ओळ त्याच पानावर खाली होती. पुढचं सगळं त्या खुणेवरून चालत गेलं आणि हातात पडलेल्या कागदावर मानसिक आजार. तिला नवरा नाही, स्वतःला साखर, आपल्या मागे मुलाचं काय म्हणून कायदेशीर पालक नेमायला ती निघाली. नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून अठरा वर्षांपुढच्या व्यक्तीला पालक नेमून मिळतो, पण ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच. मानसिक आजार त्यात बसत नाही. ट्रस्टचा एक लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमाही त्यामुळे नाही. फेरतपासणी होऊन कागद बदलायला अकरा महिने गेले. 'मी आपलं डोक्याचं म्हणून सांगितलं हो अक्का,' एवढंच ती दर वेळी म्हणायची. तिचं काय चुकलं? तिच्या भाषेत दोन शब्द नव्हतेच.

म्हणून भावाच्या बाबतीत माझं उत्तर जागेप्रमाणे बदलतं. सरकारी कागदावर कायद्याचा शब्द, एक अक्षर इकडेतिकडे न करता. मराठीत 'बौद्धिक अक्षमता' किंवा 'बौद्धिक दिव्यांगत्व', कानडी अर्जावर 'बुद्धिमांद्य'. 'विकलचेतन' हा इकडच्या सरकारी कानडीत सगळ्याच अपंगांसाठीचा शब्द आहे. अक्षरशः घेतला तर तो चेतनेवरच बोट ठेवतो, पण पाय नसलेल्यालाही तोच, त्यामुळे त्याने घाबरू नका आणि त्यावर समाधानही मानू नका. खालच्या ओळीत नेमका प्रकार लिहिला गेलाय का बघा. पंचायतीतल्या पुनर्वसन कार्यकर्त्याकडून अर्ज वाचून घ्या आणि खूण होताना शेजारी उभे राहा. नुसतं 'दिव्यांग' लिहून काम होत नाही, २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत.

वडील 'मतिमंद' म्हणतात म्हणून त्यांच्याशी भांडू नका. त्यांच्या तरुणपणी तोच सभ्य शब्द होता, 'खुळा' टाळण्यासाठी लोक तो जाणीवपूर्वक वापरायचे. आता तो जुना झाला एवढं सांगा. मीच कित्येक वर्षं 'आमची एमआर मुलं', म्हणजे मेंटल रिटार्डेशनची, असं म्हणत होते. शहापुरातल्या एका विणकर बापाने एकदा भाबडेपणाने विचारलं, 'बाई, एमआर म्हणजे ते औषधाच्या कंपनीचे बॅगवाले ना?' त्या दिवसापासून माझी जीभ जरा अडखळायला लागली. नवे शब्दही फार दिवस कोरे राहत नाहीत. मैदानावर पोरं 'गतिमंद' आधीच वापरून मोकळी झालीत, आणि गेल्या वर्षी 'ए स्पेशल, बॉल टाक की' हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. रहाटाची गाडगी आहेत ती, रिकामी होऊन खाली जायचीच. मात्र चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर २०१६ च्या कायद्याच्या ९२ व्या कलमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे, हे गल्लीतल्या टारगटांना कळवून ठेवा.

'ढ'ला मात्र यात ओढू नका. ब्राह्मीपासून आजपर्यंत त्या अक्षराचं वळण फारसं बदललं नाही, म्हणून न शिकणाऱ्या पोराला ढ म्हणतात असं सांगतात. तो अभ्यासावरचा टोमणा, निदान नव्हे. फक्त अक्षमता असलेल्या मुलाला मास्तर रोज ढ म्हणत असतील तर मुलाला तपासायला न्या.

घरात भावाला नावाने हाक मारा. आज्जीचं 'खुळातात्या' मी बदलायला सांगणार नाही. कोल्हापूरपासून खानापूरपर्यंत 'खुळा'त लाडही असतो आणि तो आवाजावरून कळतो. ती त्या माणसाला जेवायला वाढत होती, आपण फक्त कागद वाचतोय. वंशावळ लिहिणार असाल तर तात्यांचं खरं नाव आज्जीला आत्ताच विचारून घ्या.

आणि वाटणीपत्राचं मागचं पान तपासा. मोडी वाचणाऱ्याने हिश्श्याची ओळ तेवढी वाचून दिलेली दिसते. 'निरंशक' ठरवलेल्याला पोसण्याची जबाबदारी त्याच वचनात आहे, त्यामुळे दरसाल किती भात, किती धोतरं, आणि तात्यांनी कुठल्या भावाकडे राहायचं, असं काही खाली लिहिलेलं असण्याचा बराच संभव आहे. सापडलं तर ते त्यांना मिळालं होतं का, हेही आज्जीलाच विचारा.